हात जाईल तिथं बटण

यासीनभाई पहिल्यांदा माझ्या घरात आला तो प्यायला पाणी मागत, आणि तांब्या तोंडाला लावायच्या आधी त्यानं माझ्या भिंतीला शिवी घातली.

“हे काय रे? बटणं आढ्याला टांगलीत? चोर नेतील म्हणून?”

तोवर मी त्याला ओळखतही नव्हतो. शेजारचा प्लॉट कुणा मस्कतवाल्यानं घेतलाय, एवढंच कानावर होतं. समोर बघतो तर बुटका, पोट सुटलेला माणूस, डोक्याला जाळीची टोपी, भर उन्हात सँडलच्या आत पायमोजे. मास्तरांच्या खिशाला पेन असतं तसा याच्या खिशाला टेस्टर.

मी काही बोलायच्या आत चुलीपासून आमची अनुसया म्हणाली, “भाई, इथं नदी घरात येते. ती काय चप्पल काढून, विचारून येत नाय.”

“वैनी, नदी वर्षातनं एकदा येणार. माणूस रोज राहणार. घर कुणासाठी बांधायचं?”

“येऊ दे पावसाळा. मग विचारते.”

झालं. त्या दिवशी दोघांचं जे भांडण लागलं ते तिची वाचा जाईपर्यंत चालू राहिलं. मी आपला बसून ऐकायचो.

महाडात खालच्या अंगाला राहणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. नदी फुगली की पाणी गल्लीत, गल्लीतनं ओट्यावर, ओट्यावरनं घरात. म्हणून आमच्याकडं मीटर, बोर्ड, फ्रिजचा प्लग, सगळं डोक्याच्या वर. मिक्सर लावायचा तर अनुसया पाटावर चढायची. त्यात काही वावगं आहे असं आम्हाला कधी वाटलं नाही. पण यासीनभाई मूळचा वरंधकडचा, डोंगरातला. मिसरूड फुटलं तेव्हा मस्कतला गेला तो केस पिकवून आला. त्याला नदी माहीत नव्हती, आम्हाला मस्कत माहीत नव्हतं.

मी चौथी शिकलेला. पोलादपूरच्या वरच्या वाडीतला, जन्म गेला एमआयडीसीत बॉयलरपुढं. लिहिणं माझं काम नाही. आणि गेलेला माणूस म्हणजे देवमाणूस होता असलं मी काही लिहिणार नाही. यासीनभाई हट्टी होता. बढाया मारायचा. दुसऱ्याच्या घरी जेवायला बसला तरी त्याच्या नळाला नावं ठेवायचा. लग्नाला बोलावलं तर आधी मांडवाची वायरिंग बघायचा, मग नवरानवरी.

तिकडं तो बंगल्यांची लाइट आणि पाणी, दोन्ही सांभाळायचा. इकडं त्याची बायको गेली तेव्हा तो तिकडंच होता. मातीला पोचला नाही. पोरगा इम्तियाज लहान होता, त्याला घेऊन गेला. पोरगा तिकडंच शिकला, तिकडंच नोकरीला लागला, लग्न झालं, त्याला मुलगा झाला. मग यासीनभाई म्हणाला, आता मी पुढं जातो, घर बांधतो, तुम्ही मागनं या. आणि तो आला.

म्हणजे ते घर त्यानं स्वतःसाठी बांधलंच नव्हतं. पायापासून कौलापर्यंत, छे, स्लॅबपर्यंत म्हणा, ते इम्तियाजसाठी होतं. आणि इम्तियाजचा हात मस्कतचा. म्हणून सगळं मस्कतसारखं पाहिजे. मला एकदा कामावर उभा असताना म्हणाला, “लक्षा, डोळे मीट.”

“कशाला?”

“मीट रे. आता तुझ्या घरातली लाइट लाव.”

मी हात वर केला, उजवीकडं, डोक्याच्या वर.

“बघ. तुला बघायला लागलं नाय. काळोखात हात जाईल तिथं बटण पायजे. मग ते घर. नायतर लॉज. माझा पोरगा इथं आला आन् भिंतीवर चाचपत बसला, तर तो दोन दिवसांत परत जाईल.”

आम्हाला मूल नाही. पोराची वाट बघणं काय असतं ते मी शेजारी बघून शिकलो.

तर त्याचे प्लग घोट्याच्या उंचीवर. फरशीपासून वीतभर. आणि प्लग तरी आपले? नाही. आपली पिन गोल, तीन गोल दांड्यांची. त्यानं पेटी भरून आणले होते ते चौकोनी दांड्यांचे, जाडजूड, विटेएवढे. त्या पिनेच्या पोटातच फ्यूज असतो. ती उघडून तो सगळ्यांना दाखवायचा, कोंबडीच्या पोटातलं अंडं दाखवावं तशी.

“इथं एक इस्त्री बिघडली की सगळं घर काळोखात. का? गुन्हा एकाचा, शिक्षा सगळ्यांना? तिकडं ज्याचं त्यानं भोगायचं.”

पण बाजारातनं आणलेलं एकही यंत्र त्या भोकांत बसेना. पंखा आणला, पिन कापली. मिक्सर आणला, पिन कापली. दुकानदार म्हणाला, “चाचा, गॅरंटी गेली.” यासीनभाई म्हणाला, “तुझ्या गॅरंटीनं इस्त्री होते काय?”

नळांचंही तेच. त्याच्या न्हाणीत दोन नळ, एक लाल ठिपक्याचा, एक निळ्या ठिपक्याचा. लाल डावीकडं, निळा उजवीकडं. आमच्या गल्लीतल्या प्लंबरनं उलटे जोडले. यासीनभाईनं फरशी फोडायला लावली.

प्लंबर वैतागला. “चाचा, काय फरक पडतो? आमच्याकडं गरम पाणी चुलीवरनं येतं. चुलीला डावं-उजवं नसतं.”

“डाव्या हाताला गरम. दुनियेत कुठंही जा.”

“मी इथल्या गोरेगावच्या पुढं गेलो नाय.”

“म्हणूनच सांगतो, फोड.”

आणि ज्या नळांसाठी फरशी फोडली, त्यांचा वापर मे महिन्यात त्यानं स्वतःच उलटा चालू केला. गच्चीवरची टाकी अशी तापायची की निळ्या नळाला हात लावला तर चटका. मग यासीनभाई गीझरचं बटण बंद करून टाकायचा. गीझर घराच्या आत, सावलीत. त्यात भरून राहिलेलं पाणी रात्रभरात गार. म्हणजे लाल नळातनं गार पाणी, निळ्यातनं कढत. मस्कतला सगळे असंच करतात म्हणे, उन्हाळ्यात गीझरचा रांजण होतो. अनुसया ते बघून आली आणि हसून हसून ओट्यावर बसली. गल्लीत सांगत सुटली, “भाईंच्या निळ्या नळाला सव गावचं गरम कुंड जोडलंय. तिकडं जायची गरज नाय, बादली घेऊन या.” आणि बायका खरंच गेल्या बादल्या घेऊन. यासीनभाईला राग आला नाही. तो प्रत्येकीला डावं-उजवं समजावत बसला.

अजून एक. घराच्या मागं त्यानं अर्थिंगचा खड्डा घेतला होता, कोळसा आणि मीठ घालून. जमीन ओली राहिली तरच चुकार करंट मातीत जातो, म्हणून उन्हाळाभर तो संध्याकाळी त्यात कळशीभर पाणी ओतायचा. त्याच वेळेला अनुसया तुळशीला पाणी घालायची. कुंपणाच्या अलीकडं ही, पलीकडं तो.

“भाई, तुमच्या तुळशीला पानं कधी यायची?”

“वैनी, तुमची पुण्य देते. माझी जीव वाचवते. पानं कुठली मागता?”

मग नदी आली.

त्या वर्षी ती जरा जास्तच आली. आमचं घर कौलारू, बुटकं. पाणी ओट्याला लागलं तशी आम्ही दोघं यासीनभाईच्या गच्चीवर गेलो, अनुसयाच्या कमरेला पिशवीत देव बांधलेले. जिन्यात उभं राहून बघत होतो. तांबडं पाणी त्याच्या दारातनं आत शिरलं आणि सरळ त्या घोट्याएवढ्या प्लगांकडं गेलं. मस्कतहून आणलेली एक डबी त्यानं मेनला बसवली होती. कुठं करंट आडवाटेला लागला की ती आपोआप पडायची. ती पडली. खट्. अख्ख्या घराची लाइट गेली.

“शहाणी माझी,” यासीनभाई म्हणाला. तेवढंच. मग जिन्याच्या पायरीवर बसला आणि पाणी एकेक प्लग गिळत वर येताना बघत राहिला.

अनुसयानं पावसाळ्यात विचारते म्हणून सांगितलं होतं. त्या दिवशी तिनं विचारलं नाही.

पाणी उतरल्यावर गाळ काढायलाच किती दिवस गेले. यासीनभाईनं घरातले सगळे प्लग सोडवले, गोड्या पाण्यानं धुतले, आतली माती काडीनं काढली आणि खाटेवर फडकं घालून उन्हात वाळत घातले. खाट भरली. अनुसया कुंपणाशी आली, बघितलं आणि म्हणाली, “भाई, कुरडया तळायच्या कधी?”

तो हसला. पुरानंतर पहिल्यांदा हसला.

मी म्हणालो, आता तरी वर चढव. सगळी भिंत उघडीच हाय.

“नाय. इम्तियाजचं सामान येईल. तिकडच्या फ्रिजची वायर आखूड असते. वर पुरणार नाय.”

“वायर जोडता येते.”

“जोडता सगळंच येतं, लक्षा.”

आणि तेच प्लग त्यानं त्याच भोकांत, त्याच उंचीवर परत बसवले. अनुसया म्हणाली, याला वेड लागलंय. म्हणाली आणि त्याच्यासाठी भाकऱ्या थापायला बसली.

इम्तियाज आला नाही. फोन आला की तो कॅनडाला चाललाय. मस्कतची नोकरी सुटली, कॅनडात मिळाली. यासीनभाई दोन दिवस बाहेर दिसला नाही. मी गेलो तर इम्तियाजच्या खोलीत फरशीवर बसलेला, भिंतीकडं बघत.

“तिकडची पिन येगळी,” मला म्हणाला. “दोन उभ्या पट्ट्या आन् खाली एक गोल. आन् करंट अर्धा.”

“एवढा मोठा मुलूख आन् अर्धाच करंट?”

“अर्धाच. आपला शॉक बसला तर माणूस उडतो. त्यांचा बसला तर नुसता दचकतो.”

पुढच्या आठवड्यात तो मुंबईला जाऊन एक ट्रान्सफॉर्मर घेऊन आला. वीर स्टेशनपासनं रिक्षात मांडीवर धरून आणला. लोखंडी पेटी, उचलताना कंबर जावी एवढी जड. आपला करंट आत घ्यायचा, अर्धा करून बाहेर सोडायचा. इम्तियाजच्या खोलीत त्यानं एका ओळीत तीन प्लग केले: आपला, मस्कतचा, कॅनडाचा. गल्लीतली पोरं म्हणायची, चाचानं घरात विमानतळ केलाय. चाचा त्या पेटीला महिन्यातनं एकदा चालू करून बघायचा. चालू केली की ती घुमायची, भिंतीत भुंगा अडकावा तशी. आमच्या घरात ऐकू यायचं. अनुसया म्हणायची, “लागला भाईंचा कॅनडा.”

त्या खोलीतल्या फळीवर नातवासाठी घेतलेला एक लाकडी भोवराही होता. लाल-पिवळा. जाळीच्या पिशवीतनं न काढलेला, तसाच.

अनुसयाला लकवा झाला तो एका सकाळी भांडी घासताना. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, चोळा, बोलत राहा. मी घरी आणली. खाटेवर ठेवली. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला की डोक्याच्या वर असलेली बटणं खाटेवर पडलेल्या बाईच्या काय कामाची? नदी नव्हती, पाऊस नव्हता, आणि तिला साधा पंखा बंद करता येत नव्हता. मी दुकानात गेलो की ती घामाघूम पडून राहायची, नाहीतर थंडीनं कुडकुडत.

यासीनभाई आला. उंबऱ्यात उभा राहून त्यानं भिंतीकडं बघितलं. मला वाटलं, आता टोमणा मारणार. एवढी वर्षं धरून ठेवलेला टोमणा, मारायला हक्क होता त्याला. तो वळला, घरी गेला आणि हत्यारं घेऊन आला.

पंख्याचं आणि दिव्याचं बटण त्यानं खाली आणलं, खाटेच्या डाव्या अंगाला. आणि छतातनं एक दोरी सोडली. मस्कतला इंग्रजांच्या जुन्या बंगल्यांत न्हाणीघरात बटण नसायचं म्हणे, दोरी असायची, ओल्या हातानं ओढली तरी धोका नको म्हणून. तशी. ही ओढली की कुंपणावरनं नेलेल्या वायरीनं त्याच्या स्वैपाकघरात घंटी वाजायची. पण दोरीच्या टोकाला होती एवढीशी बोंडी. अनुसयाच्या डाव्या हातातही तेव्हा जोर नव्हता, बोंडी निसटायची. यासीनभाईनं दोनदा बघितलं, उठून घरी गेला, आणि तो भोवरा घेऊन आला. खालची लोखंडी आर काढून त्यानं त्याला आरपार भोक पाडलं आणि दोरीत ओवला. तळहातात बरोबर बसला.

“ओढा वैनी.”

तिनं ओढली. लांबनं घंटी ऐकू आली.

“बास. आता लक्षा गेला मसणात. तुम्हाला काय लागलं तर मी हाय.”

ती हसली. अर्ध्या तोंडानं.

मग त्यांचं नवं भांडण सुरू झालं. मी बाजारात गेलो की ती दोरी ओढायची. हा तिकडनं ओरडत यायचा, “आलो, आलो! आग कुठं लागली?” आग कुठं नसायची. तिला नुसतं बघायचं असायचं येतो का. आला की ती भिंतीकडं बोट करायची, मग त्याच्या पायांकडं, घोट्याकडं, आणि तिच्या घशातनं हसण्यासारखं काहीतरी यायचं. त्याच्या घोट्याच्या प्लगांची थट्टा. बोलता येत नव्हतं तरी टोमणा चुकवायची नाही. हा म्हणायचा, “कळलं, कळलं. बुडाले ते. सगळ्या महाडाला कळलं.” दुपारचा चहा तो तिथंच घ्यायचा. मी आलो की दोघं गप्प, जसं काही मी त्यांच्यात नको होतो.

ती गेली ती थंडीत.

दिवस झाले, पाहुणे गेले. यासीनभाई आला आणि दोरीकडं बघून म्हणाला, “काढू?”

मी म्हणालो, “राहू दे.”

त्यानंतर एका दुपारी मी खाटेवर बसलो होतो. घरात एवढं शांत की शेजारच्या गल्लीतली शिलाई मशीन ऐकू येत होती. माझ्या हातात तो भोवरा आला. मी काही ठरवलं नव्हतं. ओढला.

तिकडं घंटी वाजली. बराच वेळ काहीच नाही. मग त्याच्या दाराची कडी, मग सँडल. ओरडला नाही तो. उंबऱ्यात आला, मला बघितलं, दोरीकडं बघितलं. आत येऊन खाली बसला, भिंतीला पाठ लावून. शिलाई मशीन चालू होती. नंतर उठून त्यानंच चहा ठेवला, साखर डब्यात कुठं आहे ते न विचारता. कप माझ्या हातात देताना म्हणाला, “दुपारची ओढत जा. तेवढंच.”

मग मी रोज ओढायचो. आणि तो रोज यायचा.

इम्तियाज आला तो यासीनभाई जिन्यावरनं पडल्यावर. हाड मोडलं नव्हतं, पण डोळेही अधू झाले होते, आणि बातमी तिकडं पोचली. एकटाच आला. मुलाची शाळा म्हणून बायको-पोरगा तिकडंच. यासीनभाईनं सकाळपासनं तो ट्रान्सफॉर्मर चालू करून ठेवला होता. भुंगा घुमत होता. मलाही बोलावून घेतलं, बघायला.

पोरगा साधा, नरम बोलणारा. प्रवासानं डोळे लाल. खोलीत आला, खाटेवर बसला, खिशातनं फोन काढला आणि म्हणाला, “अब्बा, चार्जिंगला कुठं लावू?”

यासीनभाई त्या तीन प्लगांच्या बाजूला उभा होता, नवऱ्या मुलाचा बाप मांडवात उभा असतो तसा. “कुठं म्हणजे? तुझी पिन हाय ना इथं. घोट्याला. बघ.”

इम्तियाजनं बॅगेतनं एक पांढरा ठोकळा काढला. त्याच्या बाजूची खिट्टी सरकवली, एका देशाच्या पिना आत गेल्या, दुसऱ्या देशाच्या बाहेर आल्या. ओळीतला आपला साधा प्लग उशाजवळ होता, त्यात बसवून टाकला. फोन लागला.

“हे कुठंही बसतं, अब्बा. सगळ्या मुलखांत.”

त्याच्या मनात काही नव्हतं. थकलेला होता, हाताला जवळ पडलं तिथं लावलं. रात्रीच्या जेवणाआधी आंघोळीला गेला तेव्हा यासीनभाईनं तो ठोकळा काढून हातात घेतला. खिट्ट्या सरकवून बघितल्या. चौकोनी आल्या, चपट्या आल्या, गोल आल्या.

“ह्याचा फ्यूज कुठं असेल रे?” मला विचारलं.

“मला काय माहीत.”

“नसणार.” त्यानं तो परत जागेवर लावला. “पण चांगला हाय. हलका हाय.”

मग वाकून त्यानं ट्रान्सफॉर्मर बंद केला. भुंगा थांबला. घर एकदम मोठं वाटायला लागलं.

पुढचे दिवस बाप-लेकाचं बोलणं चाललं होतं, मला कुंपणावरनं ऐकू यायचं. बाप म्हणायचा, इथं काय कमी हाय? मी सगळं केलंय. पोरगा म्हणायचा, “सगळं हाय अब्बा. काम नाय. आन् तुमी परत पडलात तर मला कळायला किती वेळ?” त्यात पोराचं काही चुकत नव्हतं. मी पोराच्या जागी असतो तर तेच बोललो असतो. पण मी शेजारी होतो.

शेवटी बाप कॅनडाला जायला तयार झाला. पोरगा पुढं गेला त्याचे कागद करायला. ते झाल्यावर न्यायला परत आला. वीर स्टेशनवर मी पोचवायला गेलो. फलाटावर बाकावर बसल्यावर यासीनभाईनं खिशातला टेस्टर काढून माझ्या खिशाला लावला.

“विमानात घेऊ देत नाय म्हणे. टोकदार हाय. ठेव.”

“मी काय करू याचं?”

“ठेव रे.” थोड्या वेळानं म्हणाला, “मे महिन्यात माझ्या लाल नळाचं पाणी वापर. टाकी भरत जा. आन् खड्ड्यात कळशी ओतत जा संध्याकाळी.”

“ओततो.”

“घंटीची वायर मी काढून टाकली. रिकाम्या घरात वाजायला नको.”

गाडी आली. इम्तियाजनं बॅगा चढवल्या. यासीनभाईनं दाराचा दांडा धरला, पायरीवर पाय ठेवला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, “दोरी असू दे पण.” मग गाडी हलली.

कॅनडातनं तो मला फोन करायचा, तोंड दिसतं तो. माझ्या सकाळच्या चहाला त्याची रात्र असायची. तब्येत बरी दिसायची, गाल वर आले होते. तक्रार मात्र एकच, घराची.

“लाकडाचं हाय, लक्षा. लाकडाच्या भिंतीत वायर! माणूस राहतो का सरपणात?”

“न्हाणीत खाली भोकच नाय. पाणी टबात पडायला पायजे सगळं. मी आपली बादली घेतली, तांब्यानं आंघोळ केली. तर खाली जेवायच्या टेबलावर थेंब पडायला लागले. सून काय बोलली नाय. पोरगा बोलला नाय. नातू म्हणाला, आजोबा, घर लीक झालं. तेव्हापासनं मी पाव्हण्यासारखी आंघोळ करतो.”

मी हसायचो. तोही हसायचा. मग मी म्हणायचो, खड्ड्यात पाणी घातलं हां. आणि तो म्हणायचा, बरं केलंस.

गणपतीच्या आधी इम्तियाजचा फोन आला. झोपेतच गेला म्हणाला. माती तिकडंच दिली. मी फोन ठेवला आणि कळशी घेऊन त्याच्या खड्ड्याकडं गेलो. पाऊस पडत होता, खड्डा काठोकाठ भरलेला. तरी ओतली.

पण मला तो शेवटचा दिसला तो त्याआधी, एका सकाळी. मी चहा घेऊन अनुसयाच्या खाटेवर बसलो होतो, फोन उशीला टेकवून. तो तिकडं त्याच्या खोलीत, डोक्याला लोकरीची टोपी, मागं दिवा. नेहमीचं बोलणं चाललं होतं. मी विचारलं, तिकडची बटणं तरी धड हायत का?

“अरे, ते सांगायचं राहिलंच. इथं बटण पण उलटं. आपण खाली दाबलं की लागतं, मस्कतला पण तसंच. इथं वर केलं की लागतं. खाली केलं की जातं. किती महिने झाले, माझा हात काय ऐकत नाय. थांब, दाखवतो तुला.”

तो उठला. भिंतीपाशी गेला. फोन हातात असल्यामुळं त्याचा चेहरा जवळ आला, मग हनुवटी, मग नुसता कान. दाखवायला त्यानं बटण दाबलं, आणि ते सगळा जन्म दाबलं तसं खालीच दाबलं गेलं. दिवा गेला.

फोनमध्ये काळोख. काहीच दिसेना. भिंतीवर हात फिरवल्याचा आवाज तेवढा येत होता, खरखर, लाकडावर.

“लावतो, थांब. इथंच कुठंतरी हाय.”

मी थांबलो. भोवरा माझ्या हातात होता.

“लक्षा? हायस ना रे?”

“हाय,” मी म्हणालो. “हाय मी. लाव तू सावकाश.”